रोगाच्या नावात देश कशाला? एका शिक्षकांच्या प्रश्नाला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आठवीतल्या एका मुलाने तुम्हाला वर्गात विचारलं: स्पॅनिश फ्लू म्हटलेलं चालतं, जपानी मेंदूज्वर म्हटलेलं चालतं, मग कोरोनाला चिनी विषाणू म्हटलं तर काय बिघडलं? आणि जंतूच्या नावात नवी दिल्ली आली तेव्हा आपण मात्र एवढे का चिडलो? मुलगा उद्धटपणे बोलत नव्हता, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं, असं तुम्ही लिहिलंय. 'असं म्हणणं बरं नव्हे' एवढंच तुम्ही सांगू शकलात आणि ते तुमचं तुम्हालाच पटलं नाही.

पटलं नाही हे चांगलं झालं. 'बरं दिसत नाही' हे कारण आठवीतल्या मुलापुढे टिकत नाही आणि टिकूही नये. मी संसर्गजन्य आजारांचा डॉक्टर आहे. बावीस वर्षं झाली. त्यातली पहिली सात साथरोग सर्वेक्षणात गेली. कुठे ताप पसरल्याचं कळलं की तिथे जायचं, घरोघर फिरून याद्या करायच्या, रक्ताचे नमुने गोळा करायचे, हे काम. पुढची वर्षं वॉर्डात गेली. या दोन्ही कामांत रोगाचं नाव चुकीचं असलं तर काय होतं ते जवळून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलाचा प्रश्न सभ्यतेचा वाटतो, पण तो माहितीचा आहे. आजाराच्या नावात देश आला की ऐकणारा धरून चालतो की रोग तिथे जन्मला. बहुतेक वेळा ते नाव वेगळंच काही सांगत असतं: रोग पहिल्यांदा कुणी ओळखला, कुणी त्याबद्दल लिहिलं किंवा कुणी तो लपवला नाही. जन्म आणि पहिली नोंद या दोन गोष्टी एक नव्हेत. सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

स्पॅनिश फ्लूचंच बघा. १९१८ साली पहिलं महायुद्ध चालू होतं. लढणाऱ्या देशांत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. सैनिक तापाने फणफणून पडतायत ही बातमी शत्रूच्या कानावर जाऊ नये म्हणून ती छापू देत नव्हते. स्पेन तटस्थ होता, तिथली वर्तमानपत्रं मोकळेपणाने लिहीत होती. त्यात त्यांचा राजा तेरावा अल्फोन्सो स्वतः आजारी पडला, मग तर बातमी जगभर गेली. वाचणाऱ्यांना वाटलं, साथ स्पेनमध्येच आहे. खुद्द स्पेनमध्ये त्या आजाराला 'नेपल्सचा शिपाई' म्हणत. हिंदुस्थानात १९१८च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून साथ आत शिरली, तर इकडे त्याला 'बॉम्बे फीवर' असंही नाव पडलं. साथीच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी एक अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लष्करी छावणीतली आहे, मार्च १९१८ची. विषाणू नेमका कुठून निघाला यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. जगभरात पाच कोटींच्या आसपास माणसं गेली असा अंदाज मानला जातो, त्यात एकट्या हिंदुस्थानातली एक कोटीहून जास्त. आणि नाव कुणाचं लागलं? ज्याने खरं छापलं त्याचं.

आता जपानी मेंदूज्वर. काही वर्षांपूर्वी सात वर्षांचा एक मुलगा झटके येतायत म्हणून वॉर्डात आला. पाठीतल्या पाण्याची तपासणी झाली आणि निदान पक्कं झालं. मी बाहेर येऊन आजोबांना आजाराचं नाव सांगितलं. त्यांनी रिपोर्टचा कागद दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "साहेब, कागदांची अदलाबदल झालीय. आमच्या सात पिढ्यांत कुणी जपानला गेलं नाही. हा पोरगा तर अजून गाव सोडून कुठे गेलेला नाही." ते चेष्टा करत नव्हते. दुसऱ्या कुणाच्या आजाराची औषधं आपल्या नातवाला चालू आहेत या भीतीने त्यांचे हात थरथरत होते. दुपारपर्यंत ते दुसऱ्या दवाखान्यात हलवायची गाडी शोधत होते. मी त्यांना बाजूला बसवून सांगितलं: हा डासातून येतो, साचलेल्या पाण्यात, भातखाचरात वाढणाऱ्या डासातून. डासाकडे तो डुकरातून, बगळ्यातून येतो. माणसाकडून माणसाला होत नाही. जपानी डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात त्याचं वर्णन केलं आणि १९३०च्या दशकात तिथे विषाणू वेगळा काढला, म्हणून ते नाव चिकटलं. आज लसीमुळे जपानमध्ये याचे रुग्ण अगदी मोजके असतात, आणि भारतात मात्र मुलं दगावतात. आजोबांना पटलं, पण त्यांचा पुढचा प्रश्न माझ्या कायम लक्षात राहिला. ते म्हणाले, "मग घरी धाकटी आहे, तिला पण होऊ शकतो?" तोपर्यंत हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. परदेशातला आजार घरातल्या दुसऱ्या लेकराला कशाला होईल? धाकटीची लस राहून गेली होती.

चुकीच्या नावाचं पहिलं नुकसान हे असं होतं. ज्याचं नाव लागतं त्याची बदनामी होते हे आपल्याला लगेच दिसतं. पण ज्याचं नाव लागत नाही तो गाफील राहतो, आणि ते कुणाला दिसत नाही.

दुसरा प्रसंग माझ्या मनाला जास्त लागलेला आहे, कारण त्यात चूक आमची होती. २०२०च्या फेब्रुवारीअखेरीस आम्ही बाह्यरुग्ण विभागाच्या दारात एक फॉर्म ठेवला. पहिला प्रश्न होता: 'गेल्या १४ दिवसांत चीनला प्रवास केला आहे का?' खाली हो आणि नाहीचे दोन चौकोन. मसुदा मी स्वतः वाचला होता आणि मला काही खटकलं नव्हतं. डोक्यात आजाराचं जे नाव बसलं होतं तेच प्रश्नात उतरलं होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक गृहस्थ ताप-खोकला घेऊन आले. त्यांनी 'नाही'वर खूण केली आणि ते शंभर टक्के खरं होतं. ते युरोपातून परतून सहा दिवस झाले होते. दीड-दोन तास ते इतर रुग्णांबरोबर त्याच बाकावर बसले. आत आल्यावर तरुण डॉक्टरने सहज विचारलं, "एवढ्यात कुठे बाहेरगावी गेला होता का?" तेव्हा कळलं. त्या बाकावरच्या माणसांचे फोन नंबर शोधायला आम्हाला तीन दिवस लागले. संध्याकाळी फॉर्म बदलला: देशाबाहेर कुठेही गेला होता का, ताप-खोकल्याच्या कुणा माणसाच्या संपर्कात आला होता का. 'चीन' हा शब्दच काढला. आमचं प्रेम ऊतू चाललं होतं म्हणून नव्हे, त्या शब्दामुळे प्रश्न आंधळा झाला होता म्हणून.

वर्गात सांगायचं तर याहून सोपं उदाहरण माझ्याकडे नाही.

ही खोड जुनी आहे. १४९५ साली फ्रान्सच्या राजाचं सैन्य नेपल्समध्ये असताना तिथे एक भयंकर गुप्तरोग पसरला. इटलीतले लोक त्याला फ्रेंच रोग म्हणू लागले. फ्रेंच लोक म्हणाले, छे, हा तर नेपल्सचा रोग. रशियात त्याला पोलिश रोग म्हणत, तुर्कांकडे तो ख्रिश्चनांचा रोग झाला. आपणही यात मागे नव्हतो. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याचं नाव 'फिरंगरोग' असं आलंय, म्हणजे फिरंग्यांच्या संगतीने होणारा. 'सिफिलिस' हा शब्द आला तो १५३० साली, व्हेरोनाच्या फ्राकास्तोरो नावाच्या वैद्यकवीच्या लॅटिन काव्यातल्या एका मेंढपाळाच्या नावावरून. प्रत्येकाने रोग शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवला आणि रोग तेवढ्या काळात सगळ्यांच्या घरात शिरला. या यादीतल्या प्रत्येकाला आपलंच नाव बरोबर वाटत होतं हे मुलांना जरूर सांगा, कारण हे वाटणं आजही तसंच असतं.

नावातून धोरणही ठरतं. कॉलऱ्याची पहिली जागतिक साथ १८१७ साली बंगालमधल्या जेसोरकडून पसरली हे खरं आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण युरोपात त्याचं नाव 'एशियाटिक कॉलरा' झालं आणि त्यानंतरची कित्येक दशकं भर राहिला तो पूर्वेकडून येणारे यात्रेकरू आणि जहाजं अडवण्यावर. १८६६ला कॉन्स्टँटिनोपलच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत गंगेच्या मुखाकडचा प्रदेश हेच कॉलऱ्याचं माहेर, असं ठरवलं गेलं. त्याआधीच, १८५४ साली, लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाजवळ जॉन स्नो यांनी दाखवलं होतं की दोष घाण मिसळलेल्या पाण्याचा आहे. रोग कुठून आला हे कळून लंडनचं पाणी शुद्ध होणार नव्हतं, पण नाव ऐकणाऱ्याला सारखं पूर्वेकडे बघायला लावत होतं.

आता दिल्लीकडे येतो, कारण मुलाचा खरा चिमटा तिथे आहे आणि तो टाळून चालणार नाही. भारतीय वंशाचा एक स्वीडिश नागरिक नवी दिल्लीत रुग्णालयात होता. स्वीडनला परतल्यावर, २००८ साली, त्याच्या नमुन्यात असा जिवाणू सापडला की ज्याच्याकडे कार्बापेनेम गटाची प्रतिजैविकं मोडून टाकणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, होतं. त्या विकराला नाव मिळालं न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, थोडक्यात एनडीएम-१. ऑगस्ट २०१०मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय प्रकाशनाच्या संसर्गजन्य आजारांवरच्या नियतकालिकात मोठा लेख आला आणि इकडे संसदेपर्यंत गदारोळ झाला. वैद्यकीय पर्यटन बुडवायचा हा डाव आहे असं म्हटलं गेलं. जानेवारी २०११मध्ये लॅन्सेटचे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी नावाबद्दल माफी मागितली.

इथे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात. नाव देणाऱ्यांनी काही वेगळं केलं नव्हतं. त्याच कुळातल्या व्हीआयएम या विकरातला व्ही म्हणजे इटलीतलं व्हेरोना, एसपीएम म्हणजे ब्राझीलमधलं साओ पाउलो, जीआयएममध्ये जर्मनी, एसआयएममध्ये सोल. प्रयोगशाळेत ही जुनी रीत होती. पण प्रयोगशाळेतलं नाव वर्तमानपत्रात आलं की त्याचा अर्थ बदलतो, हे त्या रीतीत कुणी धरलंच नव्हतं. एवढा आपला राग समजण्यासारखा. दुसरी गोष्ट मात्र मला जास्त टोचते. आपण नावावर जेवढं बोललो त्याच्या निम्मंही विकरावर बोललो नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतल्या नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ आणि रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ यांत त्याचं जनुक सापडलं. भारतातल्या २००६ सालच्या साठवलेल्या नमुन्यांतही ते नंतर दिसलं. म्हणजे बातमी खोटी नव्हती. आज अतिदक्षता विभागात कल्चरचा रिपोर्ट येतो आणि कनिष्ठ डॉक्टर वरून खाली वाचत जातो: आर, आर, आर, आर. आर म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाही. तळाशी एखादं कोलिस्टिनसारखं औषध उरलेलं असतं, तेही मूत्रपिंडाला जड जाणारं. तो कागद हातात असताना नावातल्या शहराचं कुणाला काही वाटत नाही. वाईट नावाने असंही होतं: लोक नावाशी भांडत बसतात आणि नावाखालची सूचना तशीच राहते.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: देशाचं नाव बहुतेकदा उगम सांगत नाही, पहिली नोंद सांगतं. बाकीच्यांना ते गाफील करतं. आणि ज्याचं नाव लागलं तो रागावून मूळ सूचनाच झटकून टाकतो.

यात चौथी गोष्ट आहे, आणि सर्वेक्षणात काम केलेल्या माणसाला ती सगळ्यात जवळची वाटते. साथ लवकर सापडणं हे पूर्णपणे कुणीतरी फोन करण्यावर अवलंबून असतं. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही अहवालात तापाच्या उद्रेकाला सरळ वस्तीचं नाव द्यायचो. एका वस्तीत कावीळ पसरली होती. आमच्या अहवालावरून बातमी आली, त्यात वस्तीचं नाव, आणि पुढचे दोन महिने तिथल्या बायकांना घरकामाला कुणी ठेवीना. पुढच्या पावसाळ्यात तिथे पुन्हा कावीळ आली. आम्हाला कळलं तेव्हा अकरावा रुग्ण होऊन गेला होता. मी एका बाईंना विचारलं, "आधी का नाही कळवलंत?" त्या भांडी घासत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "मागल्या वेळी कळवलं होतं की." त्यानंतर माझ्या अहवालात वस्तीचं नाव आतल्या तक्त्यात असतं, अधिकाऱ्यांना लागतं म्हणून. शीर्षकात फक्त आठवडा आणि क्रमांक.

हाच विचार मोठ्या माणसांनी फार आधी केला होता. १९७६ साली झैरेमधल्या, म्हणजे आजच्या काँगोमधल्या, यांबुकू गावात रक्तस्रावी तापाची जीवघेणी साथ आली. तपासाला गेलेल्या पथकासमोर लासाचं उदाहरण होतं. १९६९ला नायजेरियातल्या लासा गावाचं नाव एका तापाला लागलं होतं आणि गावाला ते भोवलं होतं. म्हणून त्यांनी नकाशावर जवळपासची नदी शोधली आणि विषाणूला तिचं नाव दिलं, एबोला. ती सगळ्यात जवळची नदीसुद्धा नव्हती, हे नंतर लक्षात आलं. तरी त्या रात्री एका गावाला वाचवायचा विचार त्यांनी केला याचं मला कौतुक वाटतं. १९९३ला अमेरिकेच्या नैऋत्येला हंता जातीच्या विषाणूची साथ आली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला 'नवाहो फ्लू' म्हटलं आणि नवाहो जमातीच्या माणसांना हॉटेलांतसुद्धा वाईट वागणूक मिळाली. मग विषाणूला त्या भागाचं नाव द्यायचं ठरलं, रहिवासी चिडले. एका दरीचं नाव सुचलं, त्यालाही विरोध झाला. शेवटी नाव पडलं 'सिन नोंब्रे'. स्पॅनिशमध्ये अर्थ होतो, बिननावाचा.

मे २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन सहयोगी संस्थांबरोबर नव्या आजारांच्या नावांसाठी सूचना काढल्या: नावात गाव, देश, माणूस, प्राणी, जमात, व्यवसाय नको, उगाच भीती घालणारे शब्द नकोत, लक्षणं आणि जंतू यांवरून नाव द्या. प्राणी का नको, तर २००९च्या 'स्वाइन फ्लू'त विषाणू माणसाकडून माणसाकडे जात होता, तरी इजिप्तने सुमारे तीन लाख डुकरं मारायला काढली. ती पाळणारी कचरावेचक कुटुंबं उघड्यावर आली आणि ओला कचरा खाणारी डुकरं गेल्यावर कैरोत कचऱ्याचे ढीग साचले.

या सूचना असूनही २०२०ला गोंधळ झालाच, त्याचं एक कारण उशीर हे होतं. ३१ डिसेंबर २०१९ला वुहानमधल्या न्यूमोनियाची बातमी बाहेर आली आणि 'कोविड-१९' हे नाव जाहीर झालं ११ फेब्रुवारी २०२०ला. सहा आठवडे आजाराला धड नाव नव्हतं. माणसाला बोलायला शब्द लागतो, तो मिळाला नाही की जवळचा उचलतो. कोरोनाच्या उपप्रकारांच्या वेळीही तेच. बी.१.६१७.२ हे कुणाच्या तोंडात बसणार? २०२१च्या सुरुवातीला आपली वर्तमानपत्रं 'ब्रिटिश स्ट्रेन', 'आफ्रिकन स्ट्रेन' असं बिनदिक्कत लिहीत होती. मे महिन्यात 'इंडियन व्हेरिअंट' हा शब्द आला, तेव्हा आपल्या सरकारने समाजमाध्यमांच्या कंपन्यांना तो काढून टाकायला सांगितलं. ३१ मे २०२१ला ग्रीक अक्षरं आली आणि तो डेल्टा झाला. तुमच्या विद्यार्थ्याने नेमकं इथे बोट ठेवलंय आणि त्याचं बरोबर आहे. डेल्टाच्या वेळी जे आपल्याला लागलं, तेच वुहानच्या माणसालाही लागतं. एकीकडे चालतं आणि दुसरीकडे चालत नाही, असं म्हणता येत नाही.

त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेने नवा उपप्रकार जगाला कळवला, दोन दिवसांत त्याचं ओमिक्रॉन असं नामकरण झालं. नावात देश नव्हता, तरी धडाधड विमानं बंद झाली ती आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांचीच. पुढच्या आठवड्यात नेदरलँड्सने सांगितलं की त्यांच्याकडच्या १९ आणि २३ नोव्हेंबरच्या नमुन्यांतही तो आहे. म्हणजे चांगलं नाव दिलं की सगळं सुधारतं असं मी म्हणत नाही. फोन करणाऱ्यालाच शिक्षा करायची सवय नावाहून खोल आहे.

आता, परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो. जुनी रुळलेली नावं उपटून काढा असं मी म्हणणार नाही. जपानी मेंदूज्वर हे नाव लसीच्या नोंदवहीत, सरकारी तक्त्यात, आशाताईंच्या तोंडी बसलंय. ते एकदम बदललं तर लसच चुकायची. तिथे नाव तेच ठेवून मी पुढचं वाक्य बदलतो: 'जपानी मेंदूज्वर, म्हणजे डासातून येणारा मेंदूचा ताप.' जर्मन गोवराचं 'रुबेला' मात्र सहज झालं, कारण गोवर-रुबेला लसीच्या मोहिमेने नवा शब्द घरोघर पोचवला. आणि जागेचं प्रत्येक नाव सारखंच बोचतं असंही नाही. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली शोधलेला 'बॉम्बे रक्तगट' कुणाला अपमान वाटत नाही, कारण रक्तगट शेजाऱ्याकडून लागत नाही. लागण, भीती आणि परका माणूस हे तिन्ही एकत्र आले की नाव धारदार होतं.

आणखी एक आक्षेप तुमच्या वर्गात नक्की येईल: 'मग चीनने लपवाछपवी केली हे बोलायचंच नाही का?' जरूर बोलायचं, आणि स्पष्ट बोलायचं. वुहानमधले डॉक्टर ली वेनलियांग यांनी सहकाऱ्यांना सावध केलं, म्हणून जानेवारी २०२०च्या सुरुवातीला पोलिसांनी त्यांना बोलावून समज दिली, आणि फेब्रुवारीत ते त्याच आजाराने गेले. हे वाक्य लिहा. त्यात कोण, कुठे, कधी, काय सगळं आहे, ते तपासता येतं, खोडता येतं. 'चिनी विषाणू' या दोन शब्दांत यातलं काही नाही. त्यात समज देणारा पोलीसही चिनी आणि समज ऐकून परत वॉर्डात गेलेला डॉक्टरही चिनीच. उगमाचा शोध घेणं हे शास्त्राचं काम आहे आणि ते झालंच पाहिजे. पण शोधाची जागा अहवालात, बाटलीवरच्या लेबलात नव्हे.

तुमच्या विद्यार्थ्यासाठी एक काम सुचवतो. त्याला महाराष्ट्राच्या नकाशावर चांदीपुरा शोधायला सांगा. नागपूर जिल्ह्यातलं गाव आहे. १९६५ साली तिथल्या दोन तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला, आणि आजही जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत तो चांदीपुरा विषाणू म्हणूनच आहे. तो भिंतींच्या भेगांत राहणाऱ्या वाळूमाशीतून पसरतो आणि लहान मुलांच्या मेंदूला सूज आणतो. मग त्याला २००३ आणि २०२४ साली याचे मोठे उद्रेक कोणकोणत्या राज्यांत झाले ते शोधू द्या आणि नकाशावर खुणा करायला लावा. खुणा करून झाल्या की विचारा: समजा तू गुजरातमधल्या एका दवाखान्यात डॉक्टर आहेस आणि झटके येणारं चार वर्षांचं बाळ समोर आलंय. आईला पहिला प्रश्न काय विचारशील? 'नागपूरला गेला होतात का' की 'घराच्या भिंतींना भेगा आहेत का, बाळ कुठे झोपतं'?